इंटरनेटविषयीची जुनी भाकिते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात प्रौढांसाठी मी जो संध्याकाळचा संगणकवर्ग घेतो, त्यात इंटरनेटविषयी पूर्वी केलेल्या भाकितांसाठी अभ्यासक्रमाबाहेरचा एक तास ठेवलेला असतो. वर्गात निवृत्त शिक्षक असतात, चादर-टॉवेलचे कारखानदार असतात आणि ज्यांची मुले पुण्यात नोकरीला आहेत असे पालकही असतात. त्या तासानंतर दर तुकडीत जवळजवळ तेच प्रश्न निघतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत असे वाटले. उत्तरांची लांबी सारखी नाही. जेथे सांगण्यासारखे जास्त आहे तेथे मी रेंगाळलो आहे.

चुकलेली भाकिते वाचण्यात अर्थ काय? ती तर चुकलीच आहेत.

वाचताना हसू येते हे खरे, आणि वर्गातही हशा पिकतो. पण हसून झाल्यावर तेच लेख पुन्हा वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. इंटरनेट कोसळेल किंवा निरुपयोगी ठरेल असे ज्यांनी लिहिले, त्यांनी त्या दिवसाच्या अडचणी फार अचूक टिपल्या होत्या. त्यांची चूक एवढीच झाली की त्या अडचणी दूर करण्यात कोणाचा तरी फायदा आहे, हे त्यांनी हिशेबात धरले नाही. इंटरनेट सगळ्यांचे भले करील असे ज्यांनी लिहिले, त्यांना यंत्राची ताकद बरोबर दिसली होती. मात्र त्या ताकदीची किल्ली कोणाच्या कमरेला राहील आणि बिल कोण भरेल, हे त्यांनी विचारले नाही. खालील बहुतेक उत्तरे या दोन चुकांभोवती फिरतात.

इंटरनेट येण्यापूर्वीच त्याची कल्पना कोणी केली होती का?

होय, आणि एकाने नव्हे. निकोला टेस्ला यांनी १९२६ मध्ये एका नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत असे म्हटले होते की, बिनतारी तंत्र पूर्णत्वाला गेले की सारी पृथ्वी एका प्रचंड मेंदूसारखी होईल आणि दूरच्या माणसाला पाहण्या-ऐकण्याचे साधन कोटाच्या खिशात मावेल. अमेरिकी अभियंते व्हॅनेव्हार बुश यांनी १९४५ मध्ये ‘मेमेक्स’ नावाच्या एका काल्पनिक टेबलाचे वर्णन केले. त्यात माणसाची सर्व पुस्तके आणि टिपणे साठवलेली असतील आणि एका मजकुरापासून दुसऱ्या मजकुराकडे जाणारी वाट वाचकाला स्वतः आखता येईल, अशी त्यांची कल्पना होती.

या सर्वांत मला जे. सी. आर. लिकलायडर सर्वांत जवळचे वाटतात, कारण त्यांनी कल्पना करून हात झटकले नाहीत. अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत असताना १९६३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांना पाठवलेल्या टिपणात संगणकांच्या जाळ्याला विनोदाने ‘आंतरदीर्घिकीय’ म्हटले होते, आणि १९६८ मध्ये रॉबर्ट टेलर यांच्यासह लिहिलेल्या लेखात असे भाकीत केले की, थोड्याच वर्षांत माणसे समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा यंत्रामार्फत अधिक परिणामकारकपणे संवाद साधू शकतील. टेलर यांनी ज्याचा पाठपुरावा केला त्या ‘अर्पानेट’वरून, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरून, पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता; पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना ही सुरुवात मुळीच परकी वाटू नये.

‘अंतर संपेल, शहरांची गरज उरणार नाही’ असे म्हटले गेले होते. मग आमची मुले पुण्याला का जातात?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि तो विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी तक्रारही असते.

हे भाकीत विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांनी १९६४ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात केले. पुढे, कदाचित पन्नासच वर्षांत, माणूस पृथ्वीवर कोठेही असला तरी मित्रांशी तत्काळ संपर्क साधू शकेल, कामासाठी प्रवास करण्याऐवजी केवळ संपर्क साधला तरी भागेल आणि एखाद्या दिवशी एडिंबरोमधील शल्यविशारद न्यूझीलंडमधील रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करू शकेल, असे ते म्हणाले होते. यंत्रापुरते पाहिले तर त्यांचा नेम थक्क करणारा आहे. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या डॉ. जाक मारेस्को यांनी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील एका रुग्णाच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया यंत्रमानवाच्या साहाय्याने पार पाडली. क्लार्क यांचा अंदाज एका अवयवाने चुकला, इतकेच.

शहरांच्या बाबतीत मात्र उलटे घडले. संपर्क स्वस्त झाल्यामुळे अमेरिकेतील बँकेचे काम पुण्यात येऊ शकले, पण पुण्यात आलेले काम पुढे सोलापूरपर्यंत आपोआप सरकले नाही. माहिती तारेतून जाते. नोकरी बदलण्याची संधी, वरिष्ठांच्या नजरेत असणे, एका कंपनीतून बाहेर पडल्यावर त्याच रस्त्यावर दुसरी कंपनी असणे, या गोष्टी तारेतून जात नाहीत. तारेमुळे जगभरचे काम गोळा करणे सोपे झाले, म्हणून ते जेथे आधीच माणसे गोळा झाली होती तेथेच अधिक गोळा झाले. सोलापुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, आणि तरीही पदवी हाती पडली की सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आहेच.

२०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा क्लार्क यांचे भाकीत काही महिने आपल्या घरात अक्षरशः राहायला आले होते. हिंजवडीत काम करणारी मुले विजापूर रोडच्या नि होटगी रोडच्या घरांत, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती आणि काम अडले नव्हते. बोलावणे आले तशी बहुतेक परत गेली. ज्यांनी बोलावले त्यांचे म्हणणे तंत्र अपुरे पडते असे नव्हते. माणूस नजरेसमोर हवा, असे होते. क्लार्क यांनी यंत्राचा विचार केला होता, साहेबाचा केला नव्हता.

इंटरनेट कोसळेल असे कोणी म्हटले होते, आणि त्यांनी कागद खाल्ला ही गोष्ट खरी आहे काय?

खरी आहे. रॉबर्ट मेटकाफ हे संगणक एकमेकांना जोडणाऱ्या ‘इथरनेट’ तंत्राचे एक जनक आणि ‘थ्रीकॉम’ कंपनीचे संस्थापक. त्यांनी डिसेंबर १९९५ मध्ये ‘इन्फोवर्ल्ड’मधील आपल्या सदरात लिहिले की, १९९६ मध्ये इंटरनेट एखाद्या ताऱ्याच्या स्फोटासारखे फुटेल आणि पूर्णपणे कोसळेल, तसे न झाल्यास मी माझे शब्द गिळीन, असेही त्यांनी जाहीर केले होते. इंटरनेट कोसळले नाही. १९९७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी आपल्या लेखाच्या आकाराचा केक खाण्याचा प्रस्ताव मांडला, तो श्रोत्यांनी धुडकावला, तेव्हा लेखाचा छापील कागद मिक्सरमध्ये पाण्यासारख्या द्रवासह फिरवून तो लगदा ते सर्वांसमोर प्यायले.

मेटकाफ यांना वेड्यात काढणे सोपे आहे, पण त्यांनी दिलेली कारणे पोकळ नव्हती. वाहतूक क्षमतेबाहेर जाईल, सुरक्षिततेला भगदाड पडेल, गुंतवणूकदार पैसा काढून घेतील, ही सगळी भीती साधार होती. ऑगस्ट १९९६ मध्ये ‘अमेरिका ऑनलाइन’ ही मोठी सेवा १९ तास बंद पडली आणि लाखो ग्राहक अडकले. फरक एवढाच पडला की प्रत्येक तडा दिसला त्या दिवशी तो बुजवणारी माणसे कामाला लागली होती, कारण तोवर त्यांचा पगार त्याच्यावर अवलंबून झाला होता. जुनी भिंत पडेल असे सांगणारा शेजारी खोटा ठरतो, तो अनेकदा त्याचे ऐकून गवंडी बोलावल्यामुळेच.

याच गृहस्थांनी १९९३ मध्ये असेही लिहिले होते की, बिनतारी संगणन कायमचे फसेल. त्यासाठी त्यांनी काहीही गिळल्याची नोंद माझ्या वाचनात नाही.

ऑनलाइन खरेदी कधीच चालणार नाही असे कोणी म्हटले होते?

खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल यांनी, ‘न्यूजवीक’ साप्ताहिकात, फेब्रुवारी १९९५ मध्ये. हे गृहस्थ इंटरनेटला अनभिज्ञ नव्हते. १९८६ मध्ये प्रयोगशाळेच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक दिसला, तो शोधता शोधता त्यांनी जर्मनीतून अमेरिकी लष्करी संगणकांत शिरणाऱ्या एका घुसखोराचा माग काढला होता. म्हणूनच त्यांचा लेख विशेष वाचनीय आहे. कोणताही ऑनलाइन साठा तुमच्या रोजच्या वर्तमानपत्राची जागा घेणार नाही, इंटरनेटवर विश्वासाने पैसे पाठवण्याची सोय नाही, आणि असली तरी विक्रेता माणूस तेथे नाही, असे त्यांनी लिहिले. ट्रफाल्गरच्या लढाईची तारीख शोधायला गेल्यावर शेकडो फायली अंगावर आल्या आणि त्यांतून वाट काढण्यात पाव तास गेला, हा त्यांचा अनुभवही लेखात आहे.

यातील प्रत्येक तक्रार फेब्रुवारी १९९५ मध्ये शंभर टक्के खरी होती. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ‘ॲमेझॉन’ आणि सप्टेंबरमध्ये ‘ईबे’ सुरू झाले. शेकडो फायलींतून नेमकी फाइल वर आणण्याचे काम १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘गुगल’ने केले. पैशाच्या बाबतीत आपण तर अमेरिकेच्या पुढे गेलो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय’वरून ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात १,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, आणि आज नव्या पेठेत शेंगा चटणीचा पुडा घेताना गिऱ्हाईक आधी ‘स्कॅनर आहे का?’ असे विचारते. स्टॉल यांनी २०१० मध्ये आपली चूक मोकळेपणाने मान्य केली.

तरीही विक्रेता माणूस नसल्याची त्यांची तक्रार मी पूर्णपणे रद्द करणार नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण पडद्यावरील छायाचित्रात सोलापुरात विणलेली चादर आणि सोलापूरचे नाव लावून अन्यत्र विणलेली चादर सारखीच दिसतात. दुकानात चादरीचे वजन हाताला लागते, वीण उलटसुलट करून पाहता येते आणि खोटे सांगणाऱ्या दुकानदाराच्या चेहऱ्यावर ते थोडे तरी उमटते. माझ्या वर्गातील एका कारखानदारांचे म्हणणे असे आहे की, ऑनलाइन विक्रीमुळे त्यांना दूरची गिऱ्हाइके मिळाली, आणि नकली मालाशी किमतीची स्पर्धाही त्याच दारातून घरात आली.

नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञानेही इंटरनेटची फॅक्स यंत्राशी तुलना केली होती, हे खरे का?

खरे आहे. पॉल क्रुगमन यांनी १९९८ मध्ये असे लिहिले की, २००५ च्या सुमारास हे स्पष्ट होईल की अर्थव्यवस्थेवर इंटरनेटचा परिणाम फॅक्स यंत्रापेक्षा मोठा नाही. नोबेल त्यांना २००८ मध्ये मिळाले आणि ते आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कामासाठी, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या युक्तिवादाचा रोख गमतीदार होता. जाळ्याचे मोल त्यातील जोडण्यांच्या संख्येबरोबर झपाट्याने वाढते, हा जो नियम मेटकाफ यांच्या नावाने ओळखला जातो, त्यात खोट आहे, कारण बहुसंख्य माणसांकडे एकमेकांना सांगण्यासारखे काही नसतेच, असे क्रुगमन यांचे म्हणणे होते. म्हणजे जाळ्याचे कौतुक करणारा नियम ज्यांच्या नावाचा, ते मेटकाफ जाळे कोसळेल म्हणत होते. आणि जे क्रुगमन तो नियम खोडत होते, ते जाळे टिकेल पण क्षुल्लक राहील असे म्हणत होते.

सांगण्यासारखे काही नसतानाही माणसे रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर ‘शुभ सकाळ’ लिहून पन्नास जणांना पाठवतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. बोलण्याला विषय लागतो ही अर्थतज्ज्ञाची कल्पना आहे. पारावर बसलेल्या माणसाची नाही. पुढे जाहिरातीचा सारा धंदा या विषय नसलेल्या बोलण्यावर उभा राहिला.

एखाद्या चुकीच्या भाकितामुळे आपला फायदा झाला आहे काय?

झाला आहे, आणि ही कथा पुरेशी सांगितली जात नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असे बोलले जाऊ लागले की, इंटरनेटची वाहतूक दर १०० दिवसांनी दुप्पट होत आहे. हा आकडा १९९८ मध्ये अमेरिकी वाणिज्य खात्याच्या अहवालातही आला, त्यामुळे त्याला सरकारी शिक्का मिळाला. गणितज्ञ अँड्र्यू ओड्लिझ्को यांनी प्रत्यक्ष मोजमाप तपासून दाखवले की, वाहतूक साधारणपणे वर्षाला दुप्पट होत होती. वर्षाला दुप्पट हीसुद्धा अफाट वाढ आहे. पण दर १०० दिवसांनी दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे बारापट, आणि या दोन आकड्यांमधील फरक भरून काढण्यासाठी कंपन्यांनी कर्ज काढून समुद्राच्या तळाशी हजारो किलोमीटर प्रकाशतंतूंच्या केबल टाकल्या. मार्च २००० मध्ये शेअर बाजाराचा फुगा फुटला, आणि २००२ मध्ये ‘ग्लोबल क्रॉसिंग’ व ‘वर्ल्डकॉम’ या दूरसंचार कंपन्या दिवाळखोरीत गेल्या.

केबल मात्र समुद्रातच राहिल्या. ज्या ‘विदेश संचार निगम’ने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते, ती कंपनी २००२ मध्ये टाटा समूहाकडे गेली, आणि तिने २००४ मध्ये ‘टायको’ कंपनीचे सुमारे ६०,००० किलोमीटरचे सागरी जाळे १३ कोटी डॉलरला घेण्याचा करार केला. ते उभारायला त्याच्या कितीतरी पट खर्च आला होता. त्याच सुमारास रिलायन्सने ‘फ्लॅग टेलिकॉम’ विकत घेतली. लिलावात निघालेली गिरणी स्वस्तात घेऊन त्याच मागांवर धंदा करणारे लोक सोलापूरने पाहिले आहेत, त्यामुळे हा हिशेब येथे फार समजावून सांगावा लागत नाही.

भारत सरकारचे किंवा आपल्या भागातील अंदाज कसे ठरले?

१९९५ मध्ये घरगुती ग्राहकाला २५० तासांच्या इंटरनेटसाठी हजारो रुपये मोजावे लागत, आणि वेग सेकंदाला ९.६ किलोबिटच्या आसपास असे. त्या दराकडे पाहून इंटरनेट ही श्रीमंतांची आणि महानगरांची चीज राहील असे बहुतेकांना वाटले, आणि त्यात मीही होतो.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २०१० पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचे लक्ष्य ठेवले होते. २०१० संपताना त्या १ कोटीच्या थोड्याच पुढे गेल्या होत्या. धोरण आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टेलिफोनची तांब्याची तार, केबल टीव्हीची वायर आणि टेबलावरचा संगणक होता. प्रत्यक्षात इंटरनेट तारेवाचून, खिशातून आले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर दर इतके पडले की २००४ चे लक्ष्य आज किरकोळ वाटते. सरकारचा आकडा चुकला तो आधी कमी पडून आणि नंतर भलत्याच रस्त्याने मागे टाकला जाऊन.

याच गोष्टीची लहान आवृत्ती आपल्या शेजारी, वारणानगरला घडली. १९९८ मध्ये तेथे सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. शेतकरी संगणकावर बाजारभाव, शेतीसल्ला आणि शिक्षण घेतील, अशी अपेक्षा होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहणी केली तेव्हा असे दिसले की, शेतकऱ्यांना त्या यंत्राकडून मुख्यत्वे आपल्याच उसाची माहिती हवी होती : किती टन भरला, किती पैसे निघाले, खत किती उचलले. त्यासाठी संगणक कशाला? त्या संशोधकांनी साध्या मोबाइलवरील एसएमएसने तीच माहिती देण्याचा प्रयोग केला आणि तो चालला. पंढरपूर-माळशिरसच्या ऊस उत्पादकाला हे सांगितले की तो म्हणतो, ‘आम्हाला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं.’ त्याचे बरोबर आहे. भाकिते करताना ज्याच्यासाठी करायची त्यालाच विचारायचे राहून जाते.

स्पॅम दोन वर्षांत संपेल असे बिल गेट्स म्हणाले होते. तो संपला का?

जानेवारी २००४ मध्ये दावोस येथे ते तसे म्हणाले होते. ईमेलपुरते बोलायचे तर चाळण्या इतक्या सुधारल्या की बराच कचरा आपल्यापर्यंत पोहोचत नाही. कर्जाचे फोन आणि ‘तुमचे वीजबिल थकले आहे’ असे बनावट संदेश ज्यांना रोज येतात, त्यांना पुढचे उत्तर माझ्याकडून नको.

इंटरनेटचे पत्ते संपतील या भाकिताचे काय झाले?

ते तंतोतंत खरे ठरले आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. इंटरनेटला जोडलेल्या यंत्राला ओळखीचा एक क्रमांक लागतो, तोच त्याचा पत्ता. जुन्या पद्धतीत असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते शक्य होते. ते अपुरे पडतील हा इशारा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दिला जात होता, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी केंद्रीय साठ्यातील शेवटचे गठ्ठे वाटले गेले. तोवर एका पत्त्यामागे अनेक यंत्रे बसवण्याची युक्ती रुळली होती. एका वाड्याच्या एकाच घर क्रमांकावर वीस बिऱ्हाडांचे टपाल यावे तशी. दीर्घ पत्त्यांची नवी पद्धत १९९८ मध्येच आखून ठेवलेली होती, आणि ती वापरण्यात भारत आज आघाडीच्या देशांत आहे.

इंटरनेटवर कोणत्याही सरकारची सत्ता चालणार नाही, असे खरोखर मानले जात होते?

मानले जात होते, आणि तेही फार गांभीर्याने. अमेरिकी गीतकार आणि इंटरनेट-स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते जॉन पेरी बार्लो यांनी ८ फेब्रुवारी १९९६ रोजी दावोस येथून ‘सायबर अवकाशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा’ प्रसृत केला. जुन्या जगाच्या सरकारांना आमच्यात सार्वभौमत्व नाही, असा त्याचा सूर होता. अमेरिकेत त्याच दिवशी एका नव्या दूरसंचार कायद्यावर स्वाक्षरी झाली होती आणि त्या रागातून तो लिहिला गेला.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा ऑक्टोबर २००० मध्ये लागू झाला. त्यातील पुढे घातलेल्या ६६-अ या कलमाचा वापर २०१२ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरमध्ये, फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक करताना झाला. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केले. कोठे तणाव निर्माण झाला की त्या भागातील इंटरनेट सरकारी आदेशाने बंद होते. बार्लो यांच्या लक्षात न आलेली गोष्ट साधी होती : विचार हवेतून जातात, पण त्यांना वाहून नेणारा टॉवर कोणाच्या तरी जागेवर उभा असतो आणि त्या जागेचा सातबारा असतो.

सरकारांच्या जोडीला काही थोड्या कंपन्यांचेही राज्य येईल, हे त्या जाहीरनाम्यात नाही. ही चूक मला अधिक मोठी वाटते.

शाळा आणि कागद संपतील, या भाकितांचे काय?

कागदविरहित कार्यालयाची चर्चा १९७५ पासून चालू आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, आणि त्याची प्रिंट काढून देणारी दुकाने सरकारी कार्यालयांभोवती अजून उभी आहेत. उताऱ्यावर शिक्क्याची गरज उरली नाही असे कायदा सांगतो. शेतकऱ्याला तरीही तो हातात धरायचा असतो.

शाळेबद्दलचे उत्तर सोलापूर जिल्ह्यानेच दिले आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तके बाजूला सारली नाहीत. छापील पानावरच क्यूआर कोड दिले, म्हणजे मुलाने फोन धरला की त्या धड्याची चित्रफीत किंवा कविता ऐकता यावी. पुढे ही पद्धत राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. पुस्तक की पडदा, असा वाद परदेशातील भाकितकार वर्षानुवर्षे घालत होते. परितेवाडीत तो पुस्तकाच्याच पानावर मिटला.

‘जगाला पाच संगणक पुरतील’ हे कोण म्हणाले होते?

बहुधा कोणीच नाही. हे वाक्य आयबीएमचे थॉमस वॉटसन यांच्या नावावर १९४३ सालचे म्हणून खपवले जाते, पण त्याला पुरावा नाही. ६४० किलोबाइट स्मृती कोणालाही पुरेल, हे वाक्य आपले असल्याचे बिल गेट्स यांनी नाकारले आहे. ‘डिजिटल इक्विपमेंट’ या संगणक कंपनीचे केन ओल्सन यांनी १९७७ मध्ये घरात संगणकाची गरज नाही असे म्हटले, ते सारे घर चालवणाऱ्या संगणकाविषयी होते. व्हॉट्सॲपवर अशी यादी आली तर पुढे पाठवण्यापूर्वी साल आणि नियतकालिक विचारावे. खऱ्या चुकांना ही दोन्ही असतात.

तुमचे स्वतःचे एखादे भाकीत चुकले आहे का?

चुकले आहे आणि त्याचे हप्तेही फेडले आहेत. २००१ पासून मी सोलापुरात एक नेट कॅफे चालवत होतो. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुकानाबाहेर रांग लागे. पोरांच्या मुठीत बैठक क्रमांकाची चिठ्ठी, मागे आईवडील, आणि एका निकालाची प्रिंट दहा रुपयांना. ती रांग पाहून मी घरच्यांना सांगितले होते की, एसटी स्टँडसारखा हा धंदा कायमचा आहे, गाव तेथे नेट कॅफे होणार. २००८ मध्ये कर्ज काढून आणखी चार यंत्रे घेतली. लोकांना माझे दुकान हवे आहे असे मी समजलो. वास्तविक त्यांना घरी इंटरनेट नाही म्हणून ते रांगेत उभे होते. काही वर्षांतच निकाल फोनवर दिसू लागला. शेवटच्या वर्षी निकालाच्या दुपारी एकच मुलगा आला, आणि तोही फोनची बॅटरी संपली म्हणून चार्जर मागायला.

आजची भाकिते, उदाहरणार्थ कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची, या कसोटीवर कशी ठरतील?

त्यावर निकाल देण्याइतका माझा पूर्वेतिहास चांगला नाही, हे वरील उत्तरावरून दिसलेच असेल. वर्गात आम्ही एवढेच करतो : वर्तमानपत्रातील एखादे ताजे भाकीत घेतो आणि फळ्यावर तीन रकाने आखतो. आज दिसणारी कोणती अडचण हा लेखक कायमची धरून चालला आहे, ती दूर करण्यात कोणाचा पैसा अडकला आहे आणि शेवटी बिल कोणाकडे जाणार आहे. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो.

हे जुने लेख मुळातून वाचायचे असल्यास कोठे मिळतील?

इंग्रजीतील बरेच मिळतात. १९९६ मध्ये ब्रूस्टर काल यांनी स्थापन केलेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’मध्ये जुनी संकेतस्थळे आणि नियतकालिके पाहता येतात, आणि अमेरिकेतील एलॉन विद्यापीठाने १९९० ते १९९५ या काळातील हजारो भाकितांचा संग्रह करून ठेवला आहे. मराठी वर्तमानपत्रांनी आणि दिवाळी अंकांनी त्याच काळात इंटरनेटविषयी काय लिहिले होते, ते पाहण्यासाठी मात्र ग्रंथालयातील बांधीव फायलीच उघडाव्या लागतात. १९९५ ते २००० या वर्षांचे अंक ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी वर्गात आणून दाखवावेत. मंगळवार आणि शुक्रवार सोडून मी सायंकाळी सहानंतर तेथेच असतो, आणि पाने फाटकी असली तरी चालतील.